सुई हाती घेण्याआधी

वस्तीच्या नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या खांबावर, शिकवणीच्या वर्गाच्या दारावर हल्ली एक पत्रक चिकटवलेले दिसते. ‘ॲक्युपंक्चर तज्ज्ञ बना. फक्त सहा रविवार. दहावी पास-नापास चालेल. प्रमाणपत्र हमखास. स्वतःचा दवाखाना सुरू करा.’ खाली मोबाइल नंबर. फी हप्त्याने भरायची सोय. बारावीनंतर घरी बसलेली मुलगी, कंपनीने कमी केलेला तरुण, आशा म्हणून घरोघर फिरणारी ताई, असे बरेच जण याकडे वळतात. कुणी बचत गटातून कर्ज काढते, कुणी आईचा दागिना गहाण ठेवते. पैसा कष्टाचा असतो, आशा खरी असते. म्हणूनच या विषयावर आडपडदा न ठेवता बोलले पाहिजे.

माझे मत आधीच सांगते. ॲक्युपंक्चर हा आपल्या मुलामुलींसाठी सन्मानाचा व्यवसाय होऊ शकतो. त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत, मोठी जागा लागत नाही, आणि अंगदुखीने बेजार झालेले कष्टकरी रुग्ण आपल्या वस्तीत घरोघर आहेत. पण सहा रविवारांच्या कागदावर दुसऱ्याच्या अंगात सुई घालू नये. त्यात दोघांची फसवणूक होते. एक पैसे भरणारा विद्यार्थी आणि दुसरा त्याच्यासमोर पाठ उघडी करून पालथा पडणारा रुग्ण. दोघेही बहुधा एकाच गल्लीतले असतात.

ही विद्या आपल्याकडे कशी आली

ॲक्युपंक्चर मूळचे चीनचे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजॉय कुमार बसू होते. कोटणीस तिथेच १९४२ साली वारले. बसू परत आले, आणि पुढे १९५९ च्या सुमारास पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले. कोलकात्यात त्यांनी या उपचाराची सुरुवात केली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बसू आधीच शिकलेले डॉक्टर होते. शरीराची रचना त्यांना पाठ होती. तरीही सुई हाती घेण्यासाठी ते वेगळे शिक्षण घ्यायला परदेशी गेले.

त्याच चीनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘अनवाणी डॉक्टर’ तयार झाले. शेतात काम करणाऱ्या तरुणांना काही महिन्यांचे शिक्षण देऊन गावाच्या आरोग्याचे साधे काम त्यांच्यावर सोपवले गेले. लस टोचणे, पाण्याची स्वच्छता, किरकोळ आजार, आणि काही ठराविक ठिकाणी सुया. सहा रविवारवाले लोक हे उदाहरण हमखास देतात. ‘तिथे शेतकरी करू शकतो, मग तुम्ही का नाही?’ ते अर्धीच गोष्ट सांगतात. अनवाणी डॉक्टरच्या मागे कम्यूनचे आरोग्य केंद्र उभे असायचे. त्याने काय करायचे आणि रुग्णाला वर कधी पाठवायचे हे ठरलेले असायचे. त्याला कुणी एकट्याला गाळा भाड्याने घेऊन पाटी लावायला सांगितले नव्हते.

थोडे शिक्षण घेण्यात कमीपणा नाही. ज्याने थोडे शिक्षण घेतले त्याने थोडे काम करावे, आणि ते कुणाच्या तरी देखरेखीखाली करावे. पूर्ण काम करायचे असेल तर पूर्ण शिक्षण घ्यावे. माझे सगळे म्हणणे या दोन वाक्यांत आहे.

कायदा काय सांगतो

बरीच वर्षे या क्षेत्रात गोंधळ होता. केंद्र सरकारने २००३ साली आदेश काढून ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून मान्यता दिली. तो नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनी करावा असे ठरले. ‘योग्य प्रशिक्षण’ म्हणजे नेमके किती, याचा ज्याने त्याने आपल्या सोयीचा अर्थ लावला आणि प्रमाणपत्रांची दुकाने निघाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने ॲक्युपंक्चर ही स्वतंत्र उपचारपद्धती असल्याचे मान्य केले.

राज्यांपैकी पश्चिम बंगालने १९९६ साली यासाठी कायदा केला. महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चर कायदा आणला आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आली. डॉक्टरांची जशी परिषद असते, वकिलांची जशी बार कौन्सिल असते, तशीच ही. कोणती संस्था शिकवू शकते आणि कुणाचे नाव नोंदवहीत चढते हे तिने ठरवायचे. म्हणजे आपल्या राज्यात आता प्रश्न ‘माझ्याकडे प्रमाणपत्र आहे का’ हा राहिलेला नाही. प्रश्न ‘परिषदेच्या नोंदवहीत माझे नाव आहे का’ हा आहे. पत्रकावर ‘दिल्लीची मान्यता’, ‘आंतरराष्ट्रीय विद्यापीठ’, ‘आयएसओ प्रमाणित’ असे कितीही लिहिलेले असले तरी या एका प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. आयएसओचा शिक्का पापडाच्या कारखान्यालाही मिळतो. तो शिकवण्याची परवानगी देत नाही.

दुसरी गोष्ट. ॲक्युपंक्चरची नोंदणी असली तरी तिच्या आधारावर सलाइन लावता येत नाही, इंजेक्शन देता येत नाही, ॲलोपॅथीच्या गोळ्या लिहून देता येत नाहीत. त्यासाठी वेगळी पदवी आणि वेगळी नोंदणी लागते. तशी नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणे हा १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाच्या कलम ३३ खाली गुन्हा आहे. ‘बोगस डॉक्टरला अटक’ अशा बातम्या येतात त्या याच कलमाच्या. कोर्स विकणारा तेव्हा जामिनाला येत नाही. त्याचा नंबरही लागत नाही.

शिकायचे असते तरी काय

‘सुई टोचायला काय लागते?’ असे विचारणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली या शिक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीला पूर्ण ॲक्युपंक्चर व्यवसाय करायचा असेल तर सुमारे दोन वर्षे पूर्णवेळ, म्हणजे २५०० तासांचे शिक्षण त्यात सांगितले आहे. त्यातला मोठा भाग रुग्णासमोर, शिक्षकाच्या नजरेखाली हात बसवण्याचा. चीनमध्ये तर यासाठी पाच वर्षांची पदवी आहे. सहा रविवार, रोज सहा तास धरले तरी ३६ तास होतात. २५०० कुठे आणि ३६ कुठे, हा हिशेब घरातला शाळकरी मुलगाही करील.

या तासांत शिकायचे काय? प्रमाणित बिंदू ३६१ आहेत. त्यांची जागा मोजायची पट्टी रुग्णाच्या अंगावरच असते. रुग्णाच्या अंगठ्याची रुंदी हे एक माप. उंच माणसाचे माप वेगळे, लहान मुलाचे वेगळे. पण बिंदू पाठ करणे हा सोपा भाग झाला. त्या बिंदूखाली काय आहे हे माहीत असणे हा खरा अभ्यास. मान आणि खांद्याच्या मधोमध, जिथे हमालाचे ओझे टेकते, तिथे एक बिंदू मानदुखीसाठी फार वापरला जातो. त्याच्या खाली फुप्फुसाचे टोक असते. किडकिडीत बाईच्या खांद्यात सुई सरळ आणि खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरू शकते. असे अपघात जगभर नोंदले गेले आहेत, आणि काही वेळा माणूस दगावलाही आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातला बिंदू डोकेदुखी-दातदुखीसाठी प्रसिद्ध आहे. गरोदर बाईच्या हातावर तो टाळायचा असतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेला रुग्ण, पेसमेकर बसवलेला रुग्ण, साखरेमुळे पाय बधिर झालेला रुग्ण, प्रत्येकाची काळजी निराळी. पहिल्यांदा येणाऱ्याला बसवून सुई लावली तर चक्कर येऊन तो पडू शकतो; म्हणून झोपवायचे. किती सुया लावल्या आणि किती काढल्या हे मोजून लिहायचे.

मग स्वच्छता. सुई एका रुग्णाला एकदाच. उकळून, स्पिरिटने पुसून पुन्हा वापरायची नाही. एकच सुई अनेकांना वापरल्याने कावीळ ब पसरल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. वापरलेली सुई घरच्या कचऱ्यात टाकली तर ती आपल्याच सफाई कामगार भावाच्या हातात रुतते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे धारदार वस्तू पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात टाकून अधिकृत यंत्रणेकडेच द्यावी लागते. सुई चालवणाऱ्याने स्वतः कावीळ ब ची लस, तीन डोस, घेतलेली असावी. पत्रकवाल्याला यातले एकही वाक्य विचारून पाहा.

आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे कुणाला सुई लावायची नाही हे ओळखणे. पाठ दुखते म्हणून आलेल्या माणसाला संध्याकाळचा बारीक ताप असेल, वजन घटत असेल, रात्री दुखणे वाढत असेल, तर तो मणक्याचा टीबी असू शकतो. त्याची जागा सरकारी दवाखान्यात आहे. तिथे तपासणी आणि औषध फुकट मिळते. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. डावा खांदा दुखतोय आणि घाम फुटलाय अशा माणसाच्या खांद्याला हात लावायचा नाही, रिक्षात घालून रुग्णालय गाठायचे. हे न शिकलेला माणूस दहा सिटिंग करतो, पैसे घेतो, आणि तोवर वेळ निघून जाते. अपघात सुईने होतो तसा तो अशा वाया गेलेल्या दिवसांनीही होतो. दुसरा प्रकार जास्त घडतो असे मला वाटते, कारण त्यात रक्त दिसत नाही आणि कुणी तक्रार करत नाही.

गुण येतो का

विद्यार्थ्याने हेही विचारले पाहिजे की आपण जे विकणार ते खरे किती. जुनाट पाठदुखी, मानदुखी, गुडघेदुखी आणि डोकेदुखी यांवर अनेक देशांत चाचण्या झाल्या. २०१८ साली अशा ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. ॲक्युपंक्चर न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांचे दुखणे बरेच कमी झाले. खोट्या, म्हणजे नुसत्या दिखाव्याच्या सुयांशी तुलना केली तेव्हा मात्र फरक कमी निघाला, पण निघाला. म्हणजे काही दुखण्यांत थोडा आराम, हे प्रामाणिक उत्तर आहे. मधुमेह बरा होतो, लकवा हमखास जातो, कॅन्सरची गाठ विरघळते, मूल होते, असे जो शिकवतो तो तुम्हाला खोटे बोलायला शिकवत असतो. इन्सुलिन बंद करायला लावणारा उपचारक वस्तीचा शत्रूच समजावा, मग तो आपल्या नात्यातला का असेना.

एका वस्तीने हे कसे केले

न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात लिंकन रुग्णालय आहे. काळ्या आणि प्वेर्तो रिकन कष्टकऱ्यांची ती वस्ती. १९७० साली यंग लॉर्ड्स या प्वेर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने मोडकळीला आलेल्या त्या रुग्णालयाचा ताबा घेऊन चांगल्या उपचारांची मागणी केली. त्याच वर्षी तिथे हेरॉइनच्या व्यसनातून सोडवण्याचे केंद्र सुरू झाले. त्यात ब्लॅक पँथर चळवळीतले लोकही होते, ज्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले. हाँगकाँगमधल्या एका डॉक्टरला कानातल्या सुयांनी अफूचा त्रास कमी होतो असे आढळले होते. ते वाचून लिंकनमध्ये सुया आल्या.

या लोकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्यातले काही जण रीतसर शिकायला कॅनडात माँट्रियलला गेले. बाकीच्यांसाठी काम बारीक आणि ठरलेले केले: कानातले फक्त पाच बिंदू. पुढे १९८५ साली यासाठी संघटना झाली, ७० तासांचे प्रशिक्षण ठरले, आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नर्स आणि समुपदेशक हे पाच बिंदू देखरेखीखाली लावू लागले. त्यांना पाठीला किंवा पोटाला सुई लावायची मुभा नाही. आणि हेही सांगायला हवे की २००२ साली कोकेनच्या ६२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत कानातल्या सुया दिखाव्याच्या सुयांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. म्हणून तिथेही सुईबरोबर समुपदेशन, गट आणि औषधोपचार चालतात. एकट्या सुईवर भिस्त नसते.

गरीब वस्ती ही विद्या हाती घेऊ शकते, याचा हा पुरावा आहे. त्यांनी मर्यादा आखून आणि देखरेख ठेवून ते केले, हेही त्याच पुराव्यात आहे.

‘कागदाचे एवढे काय?’

काही जण म्हणतात, ज्ञान हातात असते, कागदात नसते. परिषद, परीक्षा, नोंदणी ही शिकल्यासवरलेल्यांनी आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी केलेली सोय आहे. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. फी परवडत नाही, पुस्तके इंग्रजीत असतात, वर्ग शहराच्या दुसऱ्या टोकाला असतात. पण जिथे परीक्षा नसते तिथे ओळख चालते, आडनाव चालते, पैसा चालतो. नोंदवहीतला क्रमांक हा एकच कागद असा आहे की पोलीस आला, महापालिकेचा अधिकारी आला, नामांकित डॉक्टरने तुच्छतेने विचारले, तरी आपली मुलगी तो मान वर करून दाखवू शकते. सहा रविवारांच्या कागदाने ती तशी उभी राहू शकणार नाही. फी परवडत नसेल तर फी कमी करण्यासाठी भांडावे. परीक्षाच नको म्हणून भांडू नये.

पैसे भरण्याआधी

संस्थेला हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेची मान्यता या संस्थेला आणि या अभ्यासक्रमाला आहे का, तिचे पत्र कुठे आहे? प्रवेशासाठी शिक्षण किती लागते? एकूण तास किती, त्यातले रुग्णासमोर किती, आणि ते कोणत्या रुग्णालयात? शिकवणाऱ्यांचे नोंदणी क्रमांक काय? परीक्षा कोण घेते? पास झाल्यावर नोंदणी होते का, मागच्या तुकडीतल्या किती जणांची झाली? मधेच सोडले तर फी परत मिळते का? मग संस्थेच्या तोंडावर विश्वास न ठेवता परिषदेकडे अर्ज करून खात्री करा. उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे.

आणखी एक खूण सांगते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. घरचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवे. ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांनाच मिळते आणि अर्ज महाडीबीटीवर होतो. संस्थेला विचारा, तुमचा अभ्यासक्रम तिथे आहे का. नाही म्हणाले तर का नाही, याचे कारण लेखी मागा. कारण देता आले नाही तर हप्ता भरू नका.

दोन वर्षे काढणे शक्य नसेल तर या क्षेत्राचा हट्ट धरू नये. एएनएम आहे, जीएनएम आहे, प्रयोगशाळेचा डीएमएलटी आहे. दुखण्यावर हाताने काम करायची आवड आणि बारावी विज्ञान असेल तर फिजिओथेरपीची पदवी आहे. वर्षे जास्त लागतात, पण सरकारी रुग्णालयात जागा निघते.

विहार समित्यांना विनंती

मोफत सुई शिबिरासाठी विहाराचा हॉल मागायला लोक येतात. हॉल देण्याआधी समितीने उपचार करणाऱ्या प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक मागावा, सुया बंद पाकिटातल्या आहेत का ते पाहावे, सुयांचा पांढरा डबा दाखवायला सांगावा, आणि शिबिराच्या शेवटी कोर्सची पावती फाडली जाणार आहे का तेही विचारावे. मोफत शिबिर हे बऱ्याचदा कोर्सचे दुकान असते. विहारात झाले म्हणजे चांगलेच असणार, या लोकांच्या विश्वासाचा तिथे वापर होतो.

आणि एक मागणी आपण मिळून करावी. मान्य संस्था, त्यांची फी आणि नोंदणीकृत उपचारक यांची यादी मराठीत प्रत्येक वॉर्ड ऑफिसात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लावली जावी. विद्यार्थ्यांना हात बसवायला सरकारी रुग्णालयांच्या वेदना विभागात जागा मिळावी, आणि मान्य अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती मिळावी. नगरसेवक, आमदार मते मागायला येतात तेव्हा रस्ता, गटार आणि नळाबरोबर हेही त्यांच्या कागदावर लिहून द्या. निवेदनाची पोच घ्या आणि महिन्याने पुन्हा विचारायला जा.